तिघांचा कागद

मतदानाच्या आदल्या दिवशी एनॉसनं बहिणीला आणि धाकट्या भावाला दुपारी जेवायला बोलावलं, तेव्हाच केझायाला कळलं की हे जेवण कुणालाच पचायचं नाही. थोरला भाऊ असला म्हणून काय झालं, एनॉस रेक्सरोड कारणाशिवाय कुणाला ताकसुद्धा पाजणारा माणूस नव्हे. आणि आज तर त्याच्या बायकोनं, लॅविनियानं, हिवाळाभर टांगून ठेवलेली डुकराची खारवलेली मांडी खाली उतरवली होती. एवढा बेत म्हणजे मागणंही तेवढंच मोठं असणार.

मागणं काय तेही तिला ठाऊक होतं. उद्या गुरुवार, तेवीस मे १८६१. व्हर्जिनियानं अमेरिकेच्या संघराज्यातून बाहेर पडावं की नाही, ते उद्या राज्यातल्या पुरुषांनी सांगायचं होतं. सांगायचं म्हणजे खरोखरच तोंडानं सांगायचं. चिठ्ठी नाही, पेटी नाही. कचेरीत टेबलापुढं उभं राहायचं, कारकून नाव पुकारणार, आणि आपण चारचौघांत मोठ्यानं म्हणायचं, मंजूर किंवा नामंजूर. कारकून ते नावापुढं लिहिणार आणि मागं उभा असलेला अख्खा गाव ते ऐकणार. रेक्सरोडांची रीत अशी की घरचे पुरुष वयाच्या क्रमानं एकामागे एक जायचे, आणि थोरला जे म्हणेल तेच धाकटा म्हणायचा. बापाच्या वेळेपासून यात खंड पडला नव्हता. तो उद्या पडणार होता, आणि पाडणारा होता झेब.

झेबुलन उशिरा आला, तोही कपड्यांवरचं पीठ न झटकता. बावन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, घरच्या पाणचक्कीच्या वरच्या खोलीत राहणारा हा धाकटा भाऊ. "टायटस चक्कीच्या दगडाला टाकी लावत होता," तो बसता बसता म्हणाला. "त्याला हात देत होतो."

"हात धुतलेस का?" लॅविनियानं विचारलं.

"पीठच आहे, वहिनी. तुम्ही रोज खाता तेच."

एनॉसनं डोळे मिटून प्रार्थना म्हटली, जरा लांबलीच. मग मांस कापता कापता, जणू आत्ताच आठवलं अशा थाटात तो म्हणाला, "उद्या सातला निघू, झेब. माझ्या गाडीतून."

"मी चालत येईन."

"सहा मैल?"

"येताना गाडीत घेशील की नाही, भरवसा नाही. त्यापेक्षा जाताना सवय झालेली बरी."

लॅविनियाला हसू आलं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिनं ते ताकाबरोबर गिळलं.

"म्हणजे ठरलंय तुझं," एनॉस म्हणाला.

"ठरलंय."

"अरे, मला काय हौस आहे का? फेब्रुवारीत मी स्वतः संघराज्याच्या बाजूच्या माणसाला मत दिलं. तुझ्यापुढं उभा राहून दिलं. पण एप्रिलमध्ये त्या नव्या अध्यक्षानं पंच्याहत्तर हजार माणसं मागितली. कशाला? तर खालच्या, आधीच बाहेर पडलेल्या राज्यांवर चालून जायला. त्यात आपल्या वाटणीची माणसं आपण द्यायची. माझ्या ओरेननं कॅरोलिनातल्या माणसांवर गोळ्या झाडायच्या?"

"ओरेन गेलाच आहे की," लॅविनिया म्हणाली. "टोपीत पीस खोचून पलटणीत गेलाय."

"तो घर राखायला गेलाय."

"घर इथं आहे," ती हळूच म्हणाली आणि भाजीचं भांडं केझायाकडं सरकवलं. एकोणतीस वर्षांत केझायानं तिला नवऱ्याच्या विरुद्ध एवढं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. पोरगं बंदूक घेऊन गेलं की आईची बाजू बदलते, आणि लॅविनियाची बदलत चालली होती.

"मला एकच सांग," एनॉसनं सुरी खाली ठेवली. "राज्याला बाहेर पडायचा हक्क आहे की नाही?"

"नाही."

"का नाही? व्हर्जिनिया संघराज्यात गेली ती आपण होऊन. आणि आत जाताना लिहून ठेवलं, की दिलेल्या अधिकारांचा आपल्याला जाच झाला तर ते परत घेता येतील. पांढऱ्यावर काळं आहे."

"कुणाला परत घेता येतील, तेही वाच ना. तिथं लिहिलंय, संयुक्त संस्थानांच्या लोकांना. म्हणजे सगळ्यांना मिळून. एकट्या व्हर्जिनियाला नव्हे."

"आजोबांनी इंग्लंडच्या राजाला सोडलं, तेव्हा सगळ्या इंग्लंडची परवानगी घेतली होती का?"

"आजोबा बंड करत होते आणि त्याला बंडच म्हणत होते. हरलो तर फासावर जाऊ, हे माहीत होतं त्यांना. तू बंड करतोयस आणि वर त्याला कायदा म्हणतोयस. बरं, राज्याला जाता येतं ना? मग उद्या आपल्या जिल्ह्याला राज्यातून जाता येईल? ओढ्याच्या या काठाला त्या काठापासून? कुठं थांबायचं ते तरी सांग."

"जिल्हा राज्यानं तयार केलाय. राज्य कुणी तयार केलेलं नाही. उगाच शब्दात धरू नकोस."

"मग जाच सांग. काय जाच झाला तुला? बोट कापलं कुणी? जाच झालेला नाही, होईल अशी भीती आहे. आणि कसली भीती, ते या टेबलावर कुणी बोलत नाही. गुलाम माणसं हातची जातील, ही भीती."

"जेवताना तो विषय नको," लॅविनिया घाईनं म्हणाली. इथं मात्र ती नवऱ्याच्या बाजूला परत आली.

एनॉसचे कान लाल झाले होते. त्यानं टेबलावर तळहात आपटला. "जाच झाला असो वा नसो! ज्याला एका छपराखाली राहवत नाही, त्याला धरून ठेवणं हाच जुलूम. देवाला मानणारा माणूस असं करणार नाही!"

केझायाच्या हातातला घास हातातच राहिला. हा काय बोलून बसला, ते एनॉसच्या अजून लक्षात आलं नव्हतं, पण तिच्या आलं होतं. आणि झेबच्याही.

"पुन्हा म्हण," झेब शांतपणे म्हणाला.

एकोणीस वर्षांपूर्वी झेबला ओहायोला जायचं होतं. टॅमझिन नावाची मुलगी तिकडं वाट बघत होती, तिच्या बापाची चक्की होती, सगळं ठरलं होतं. फक्त हातात त्याचा वाटा हवा होता. पण त्याच्याही कितीतरी आधी म्हाताऱ्या रेक्सरोडनं मरताना तिघा मुलांकडून एका कागदावर सह्या घेतल्या होत्या. चक्की तिघांची, आणि दोघांची सही असल्याशिवाय भागीदारी मोडायची नाही. झेबची सही होतीच, आणखी एक हवी होती. एनॉस म्हणाला, शब्द देऊन आत आलास, एकट्याला मनाला येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही. झेबनं मग केझायाकडं बघितलं होतं. ती तेव्हा नुकतीच विधवा झालेली, पदरात दोन लहान मुली. झेब गेला तर चक्की कोण बघणार, आपण काय खाणार, या भीतीनं तिनं सही केली नाही. टॅमझिननं दुसऱ्याशी लग्न केलं. झेब केझायाला त्याबद्दल कधी एका शब्दानं बोलला नाही, आणि हेच तिला एकोणीस वर्षं खात होतं.

"तेव्हा मला जायचं होतं, तर तू जाऊ दिलं नाहीस," झेब म्हणाला. "आता मला राहायचंय, तर तुझे कचेरीतले दोस्त सांगत फिरतात, की नामंजूर म्हणणाऱ्यानं सूर्य मावळायच्या आत राज्य सोडावं. एनॉस, एकदा काय ते ठरव बाबा. धरून ठेवायचं की हाकलून द्यायचं?"

एनॉस उठला. केझायाला वाटलं, आता हात उचलतो. पण तो आतल्या खोलीत गेला, पेटीचं झाकण धाडकन वाजलं, आणि तो कागद, दऊत आणि टाक घेऊन आला.

"मी खोटा माणूस नाही," तो म्हणाला. "जे राज्याला, तेच भावाला. ही घे माझी सही. तू कर तुझी. मोडली भागीदारी. जा, नाहीतर राहा, नाहीतर झाडावर चढून बस!"

झेबनं सही केली. अक्षर ठसठशीत आलं. एकोणीस वर्षांनी का होईना, थोरल्यानं हार मानली होती, आणि झेबचा चेहरा एकदम तरुण दिसायला लागला. केझायाला तर रडूच आलं. आपली चूक दुसऱ्या कुणीतरी निस्तरली, असं वाटून तिला इतकं हलकं वाटलं की तिनं शाई वाळवायला कागद आपणहून हातात घेतला.

आणि मग तिनं तो वाचला. दोन दगडांची पाणचक्की. बंधारा आणि पाट. चाळीस एकर जमीन. आणि टायटस नावाचा पोरगा, वय नऊ.

हा कागद तिनं शंभरदा बघितला असेल, पण नजर त्या ओळीवरून नुसती घसरत गेली होती. टायटस आता चाळिशी ओलांडलेला होता. चक्की खरी चालवायचा तोच. टाकी लावताना उडालेले पोलादाचे बारीक कण त्याच्या दोन्ही हातांत कायमचे रुतून काळे ठिपके झाले होते. मैलभरावर प्रॉप्स्टबाईंच्या शेतावर त्याची बायको डॉर्कस आणि अकरा वर्षांची मुलगी लेटी होती, दोघी त्या बाईंच्याच मालकीच्या. शनिवारी रात्री त्यांच्याकडं जायची त्याला मुभा होती.

"एनॉस," ती म्हणाली, "यात टायटस आहे."

"आहेच. तिघांचा आहे तो." एनॉसचा आवाज आता सपाट झाला होता. "जमीन तीन ठिकाणी मोजता येईल. चक्की मी ठेवून घेईन. टायटसचे तीन भाग होत नाहीत, त्याला विकूनच वाटे करावे लागतील. उद्या कचेरीत कागद नोंदवतो. स्टॉन्टनचा व्यापारी सोमवारी येईल."

झेबचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. "टायटसला कोण मध्ये आणतंय?"

"कागद आणतोय. लिहिलेलं वाचत जा, असं आत्ताच कोण शिकवत होतं?"

"मला वाटा नको. दे तो कागद इकडं."

"सही केलीस." एनॉसनं केझायाच्या हातातून कागद घेतला, घडी केली आणि आतल्या खिशात घातला. "शब्द देऊन झाल्यावर एकट्याला माघार घेता येत नाही. तुझंच म्हणणं ना ते?"

"मालक."

स्वयंपाकघराच्या दारात टायटस उभा होता. खांद्यावर पिठाचं पोतं. कधी आला होता, किती ऐकलं होतं, देव जाणे. दार उघडंच होतं, ते नेहमीच उघडं असायचं. टायटस आसपास असताना आवाज खाली आणायची या घराला कधी गरजच वाटली नव्हती.

"उद्या तुम्ही सगळे कचेरीत जाणार," टायटस म्हणाला. "चक्की चालू ठेवायची का?"

एनॉसनं त्याच्याकडं न बघता उत्तर दिलं. "ठेव. ओरेनच्या पलटणीचं दळण आहे. दिवसभर चालू दे."

"दिवसभर," टायटस म्हणाला. "बरं मालक." मग केझायाकडं वळून, "बाई, पीठ कुठं ओतू?"

तिला पिठाची कोठी कुठं आहे तेसुद्धा क्षणभर आठवेना.

जेवण तसंच टाकून झेब चक्कीकडं गेला, आणि ती त्याच्यामागं. वाटेत तो स्वतःशीच बडबडत होता. "मी मंजूर म्हणालो तर फाडेल तो कागद. फाडेल ना गं?"

"फाडेल," ती म्हणाली. एनॉसला ती ओळखून होती. त्याला टायटसला विकायचं नव्हतं, त्याला जिंकायचं होतं. पण जिंकला नाही तर त्यानं विकलंही असतं.

"मग म्हणतो मंजूर. एका शब्दाचं तर काम. थुंकून टाकीन नंतर."

चक्कीत टायटस दगडापाशी गुडघ्यावर बसून टाकीची धार बोटानं तपासत होता. झेब त्याच्यासमोर उभा राहिला आणि सगळं एका दमात बोलून गेला. केझाया उंबऱ्याबाहेरच थांबली.

टायटसनं ऐकून घेतलं. "झेब मालक," तो म्हणाला, "तोंड तुमचं आहे. त्यातून काय काढायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या नावावर नका घालू."

"अरे, पण तुला विकतील!"

"या वर्षी नाही विकलं तर पुढल्या वर्षी. तुम्ही दोघं भाऊ पुन्हा भांडलात की." तो हसला नाही, रागावलाही नाही. "माझ्या अंगाचा तिसरा हिस्सा तुमचा आहे. त्याचं काय करायचं, हे तीस वर्षांत तुम्हाला सुचलं नाही. आता एका रात्रीत नका त्रास करून घेऊ. ती टाकी द्या इकडं."

झेबनं खाली वाकून टाकी उचलली आणि त्याच्या हातात दिली. बाहेर उभ्या केझायाचे गाल तापले, कारण आणखी एक तिसरा हिस्सा तिचा होता.

गुरुवारी सकाळी एनॉस गाडीतून गेला आणि झेब पायी गेला. गावातले सगळे पुरुष गेले. रात्री रस्त्यांवर फिरून परवान्याशिवाय दिसणाऱ्या काळ्या माणसाला पकडणारे गस्तवालेसुद्धा आज कचेरीपुढच्या पिंपाभोवती जमणार होते. मतदानाच्या दिवशी दारू फुकट असायची.

केझाया आपल्या अंगणात कपडे वाळत घालत होती. ओढ्याकडून चक्कीचा आवाज येत होता, रोजच्यासारखाच. खटखट, खटखट. चार कपडे टाकून झाले आणि तिचे हात थांबले. ती कान देऊन ऐकू लागली. चाक फिरत होतं. दाण्याच्या पेटीला हलवणारा खटका वाजत होता. पण त्या आवाजाखाली जी जाड घरघर असते ती नव्हती. चक्कीवाल्याच्या लेकीला हे सांगावं लागत नाही. आवाजात दाणा नव्हता.

ती लगबगीनं उतारावरून खाली गेली. आत कुणी नव्हतं. वरचा दगड पेच फिरवून नेमका उचललेला होता, म्हणजे रिकाम्या फिरण्यानं दगडावर दगड घासू नये. पळून जातानासुद्धा टायटसनं दगड खराब होऊ दिला नव्हता. जमीन झाडलेली होती. भिंतीवरच्या टाक्या नव्हत्या. ज्याला दगडाला टाकी लावता येते त्याला जगात कुठंही चार घास मिळतात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. कोपऱ्यात प्रॉप्स्टबाईंच्या मक्याचं पोतं होतं, तोंडसुद्धा न सोडलेलं. म्हणजे डॉर्कस सकाळी दळण आणायचा परवाना घेऊन निघाली होती, आणि लेटी तिच्याबरोबर. दिवसभर चालू दे, असं मालकच म्हणाले होते. त्यानं चालू ठेवली होती.

ती पोत्यावर मटकन बसली. पाण्याचं दार चार पावलांवर होतं. ते खाली ओढलं की चाक थांबलं असतं, आणि भर दिवसा चक्की थांबली की अख्खं खोरं मान वर करून बघतं. काही न करता घरी जाऊन कपडे वाळत घालावेत, असंही तिच्या मनात आलं. मला काय माहीत, मी बाई माणूस, असं म्हणता आलं असतं. एकोणीस वर्षांपूर्वीही ती असंच काहीतरी म्हणाली होती.

रस्त्यावर घोडागाडी थांबल्याचा आवाज आला. प्रॉप्स्टबाई! केझाया उठली, एप्रनला हात पुसले आणि दारात जाऊन दार अंगानं अडवून उभी राहिली.

"आमची डॉर्कस कुठं उलथली?" गाडीतूनच प्रॉप्स्टबाईंनी विचारलं. "सकाळी पाठवलीय. लोणी घुसळायचं पडलंय तिकडं."

"नंबर लागायचाय तिचा," केझाया म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही, इतका तो शांत होता. "पलटणीचं दळण आधी. एनॉसचा हुकूम आहे, मी काय करू? संध्याकाळ होईल."

"पोरीला तरी पाठव."

"ती पोती धरतेय. आज हात कमी आहेत."

प्रॉप्स्टबाईंनी आतल्या खटखटाटाकडं कान दिला. पण प्रॉप्स्टबाई चक्कीवाल्याच्या लेक नव्हत्या. "पुरुषांचं राजकारण आणि आपले खोळंबे," असं पुटपुटून त्यांनी गाडी वळवली.

प्रॉप्स्टबाईंना कळलं नाही, पण एनॉसला कळणार होतं. कचेरीतून परतताना पुलावर आला की तो पहिल्यांदा चक्कीचा आवाज ऐकायचा, बाप ऐकायचा तसाच. दाणा नाही हे त्याला गाडीतूनच कळलं असतं, आणि मग शिट्ट्या, कुत्री, कंदील. केझायानं बाह्या वर केल्या. पलटणीच्या पोत्याचं तोंड सोडलं आणि मका पेटीत ओतला. मग पेच हातात घेतला. लहानपणी बापानं शिकवलं होतं, हळू, केसाइतका, कान दगडाशी ठेवून. दगड खाली आला, दाणा चिरडला, आणि घरघर सुरू झाली. छप्पन्नाव्या वर्षी ती दिवसभर एकटीनं दळत राहिली. पाठ मोडून आली, डोळ्यांत पीठ गेलं, पण तिनं चाक थांबू दिलं नाही.

सूर्य डोंगराला टेकताना एनॉसची गाडी पुलावर आल्याचं तिनं फटीतून बघितलं. गाडी थांबली. एनॉसनं मान तिरकी केली, ऐकलं, आणि समाधानानं घराकडं निघाला. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं झेब आला. ओठ फाटलेला, सदऱ्यावर रक्त, एका पायात बूट नाही. दारातच तो थबकला आणि पिठानं पांढऱ्याफटक झालेल्या बहिणीकडं बघत राहिला.

"काय म्हणालास?" तिनं विचारलं.

"नामंजूर. तिघांनीच म्हटलं सगळ्या जिल्ह्यात, त्यातला मी एक." त्यानं ओठाला हात लावला. "एकानं दिली ठेवून. दुसरी देणार होता, तर एनॉस मध्ये आला. म्हणे, माझा भाऊ आहे, मारायचं तर मी मारीन. टोपीनं बडवला त्याला. मग लगेच जाऊन कागद नोंदवला." तो हसला आणि ओठ दुखला म्हणून थांबला. "मी राज्य सोडणार नाही, केझाया. उद्या येऊ देत बंदुका घेऊन. टायटस कुठाय?"

तिनं नुसती मान हलवली.

त्यानं भिंतीकडं बघितलं, जिथं टाक्या असायच्या. "कधी?"

"सकाळीच. तिघंही."

"आणि तू..."

"मी काही केलेलं नाही. तो गेला, त्याच्या पायांनी. त्यानं मला विचारलंसुद्धा नाही." तिला दम लागला होता. "झेब, त्या वेळी मी सही करायला हवी होती. मी भ्याले. माझ्यामुळं तुझं आयुष्य इथं गेलं. मला माफ कर."

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "तुला आज तोंडानं म्हणता आलं, पुष्कळ झालं."

वरून ओसरीवरून एनॉसची हाक आली. त्याचा आवाज दमलेला होता, पण मालकाचा होता. "टायटऽस! पुरे आता! चाक थांबव!"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आता चाक थांबलं तर एनॉस टायटसशी दोन शब्द बोलायला खाली येणार. अंधार पडायला अजून तासभर होता, आणि लहान पोरीला घेऊन डोंगर चढणाऱ्यांना रात्रीचा एकेक तास हवा होता.

केझाया दारात गेली, हात तोंडाशी धरले आणि छातीत होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडली. एवढ्या मोठ्यानं तिला आजवर कुठल्याही कचेरीत बोलू दिलं नव्हतं.

"नाही! अजून पलटणीची दोन पोती राहिलीत!"

मग ओसरीचं दार लागल्याचा आवाज आला.

ती परत फिरली आणि पोत्याला हात घातला. ते तिला एकटीला उचलेना. झेबनं दुसरं टोक धरलं.